गाळाच्या रिपोर्टातली हिरवी खूण

प्रश्न तासगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातून आला आहे. गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचाय. चारशेएक ट्रॉल्या निघतील आणि शेतकरी त्या न्यायला तयार आहेत. तलावाच्या एका अंगाला गणपती विसर्जनाचा घाट, दोन अंगांना द्राक्षबागा, वरून डांबरी रस्ता. कुणीतरी शहाणपणा करून गाळ तपासायला दिला आणि रिपोर्ट आला. किलोमागे मिलिग्रॅममध्ये तांबं १४२, क्रोमियम ११८, निकेल ७१, जस्त १२४, शिसं २९, कॅडमियम 'बीडीएल', म्हणजे यंत्राला मोजता येण्याच्या खाली. शिवाय लोह ८.८ टक्के. क्रोमियम आणि निकेलपुढे लाल खूण, तांबं आणि जस्तापुढे पिवळी, शिसं आणि कॅडमियमपुढे हिरवी. आता गावात दोन तट पडलेत आणि उपसरपंच विचारतायत, हा गाळ विषारी आहे का, आणि रानात टाकावा की नको?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. लाल खुणा बघून घाबरू नका. माझ्या मते त्या बहुतेक आपल्या दगडाच्याच आहेत. मला खटकते ती शिशापुढची हिरवी खूण. आणि एका नमुन्यावर चारशे ट्रॉल्यांचा निर्णय घेऊ नका, मग तो टाकण्याचा असो की न टाकण्याचा.

या खुणा आल्या कुठून ते बघू. तलावातल्या पाण्याला मानकं असतात, पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको वगैरे. गाळाच्या बाबतीत लॅब बहुतेक वेळा बाहेरच्या संशोधनातले आकडे लावतात. तुमच्या रिपोर्टातले आकडे २००० साली मॅकडोनल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेले आहेत, ते मी पाहताक्षणी ओळखले. त्यात प्रत्येक धातूला दोन आकडे असतात. खालच्या आकड्याच्या आत तळातल्या जीवांना सहसा त्रास दिसत नाही, वरच्याच्या पुढे बहुधा दिसतो. तांब्याला ३१.६ आणि १४९, क्रोमियमला ४३.४ आणि १११, निकेलला २२.७ आणि ४८.६, जस्ताला १२१ आणि ४५९, शिशाला ३५.८ आणि १२८, कॅडमियमला ०.९९ आणि ४.९८. तुमचे आकडे शेजारी ठेवा, रंग तसेच पडतील. हिशेबात लॅबची चूक नाही.

पण हे आकडे कुणासाठी आहेत? तळाच्या चिखलात राहणाऱ्या अळ्या, किडे, शिंपले यांच्यासाठी, तेही मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या माहितीवरून काढलेले. तुमच्या उसाला किंवा ज्वारीला काय होईल हे ते सांगत नाहीत. आणि खाली कोणता दगड आहे हे तर त्यांना मुळीच माहीत नाही.

सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. सातारा-सांगलीचा आपला पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलाय. या दगडात तांबं मुळातच भरपूर, किलोला शंभर-दोनशे मिलिग्रॅम सहज सापडतं. निकेल आणि क्रोमियमही बऱ्यापैकी असतात, लोह आठ-दहा टक्के. उलट शिसं अगदी कमी, बहुधा दहाच्या आतच. हा दगड झिजून मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली, ती माती ओढ्यानं वाहून तुमच्या तलावात बसली. तांबं १४२ हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. ४० आलं असतं तर मी लॅबला फोन केला असता.

एक सोपा प्रयोग सांगतो, विद्यार्थ्यांना मी हा नेहमी करून दाखवतो. वाळलेला गाळ मूठभर घ्या, कुस्करा, कागदावर पसरा. एका लोहचुंबकाला प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळा आणि गाळावरून हलकेच फिरवा. पिशवीला काळ्या बारीक कणांची दाढी लटकेल. हे मॅग्नेटाइटच्या जातीचे कण, लोह आणि टायटॅनियमचे. क्रोमियम आणि निकेलचा मोठा वाटा अशा कणांत आणि दगडातल्या काळ्या-हिरवट खनिजांत कुलूपबंद असतो. पिशवी उलटी केली की दाढी गळून पडते. मग मी पोरांना विचारतो, या कणातलं क्रोमियम पिकाच्या मुळानं कसं ओढायचं? हजारो वर्षं ऊन-पाऊस खाऊन जे सुटलं नाही, ते एका हंगामात सुटेल का?

गंमत म्हणजे निकेलचा वरचा आकडा ४८.६ आहे, आणि १९६१ साली टुरेकियन आणि वेडेपोल या संशोधकांनी दिलेल्या जगभरच्या शेल खडकाच्या (चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाच्या) सरासरीत निकेलच ६८ आहे. म्हणजे ज्या सरासरी खडकाला जग 'स्वच्छ' म्हणून धरतं, तोच या परीक्षेत नापास. शहरी कंपोस्टसाठी आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात क्रोमियम ५० आणि निकेल ५० अशा मर्यादा आहेत. उद्या तुमच्या बांधावरची, कधी खत न पाहिलेली माती नेऊन त्या मापानं मोजली, तर तीही बऱ्याचदा नापास होईल. म्हणून काय रान सोडून द्यायचं?

आता शिशाकडे या. जगाच्या सरासरी शेलमध्ये शिसं २०. तुमचं २९. बघणारा म्हणतो, थोडंसंच जास्त आहे, ३५.८च्या आतच आहे, हिरवी खूण. पण तुमच्या दगडात ते २० कधी नव्हतंच. समजा तुमच्या पाणलोटातल्या स्वच्छ मातीत शिसं ७ आहे (हा आकडा मी धरून चाललोय, खरा तुम्हाला मोजावा लागेल). मग २९ म्हणजे चौपट. सात दगडाचं, उरलेलं बावीस माणसाचं.

हे गणितात मांडलं की आणखी उघडं पडतं. गाळाच्या अभ्यासात म्युलर यांनी १९६९ साली दिलेला भूसंचय निर्देशांक सगळे वापरतात. मोजलेला आकडा भागिले मूळ आकड्याची (माणसाचा हात लागण्याआधीच्या मातीतल्या आकड्याची) दीडपट, आणि त्याचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम. शून्याच्या खाली आला तर अप्रदूषित, शून्य ते एक म्हणजे अप्रदूषित ते मध्यम, एक ते दोन म्हणजे मध्यम, असं वर चढत जातं. तांब्याला मूळ आकडा म्हणून शेलचा ४५ घातला तर उत्तर १.०७, म्हणजे 'मध्यम प्रदूषित'. तुमच्या मातीत तांबं १२० आहे असं धरून तेच गणित केलं तर उणे ०.३४, म्हणजे काही नाही. शिशाला शेलचा २० घातला तर उणे ०.०५, निर्मळ. ७ घातला तर १.४७, मध्यम प्रदूषित. तलाव तोच आणि गाळही तोच, पण भागाकाराचा खालचा आकडा बदलला की आरोपी सुटतो आणि साक्षीदार आत जातो.

काही लोक याहून पुढे जाऊन समृद्धी गुणक काढतात, म्हणजे धातूचं लोहाशी किंवा ॲल्युमिनियमशी असलेलं प्रमाण मूळ मातीतल्या प्रमाणाशी ताडून बघतात. चांगली पद्धत आहे, कारण गाळ बारीक की भरड यामुळे पडणारा फरक तिच्यात बराचसा निघून जातो. पण खालचा आकडा शेलचाच घेतला तर तीही फसवते. तुमचं शिसं शेलच्या मानानं ०.७८ भरतं, म्हणजे चक्क 'कमी'! मूळ माती ७ शिसं आणि ९ टक्के लोह अशी धरली तर सव्वाचार. शिवाय महाबळेश्वर, पाचगणी, कास या डोक्यावरच्या भागात वर जांभा आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम दोन्ही साठलेले असतात, म्हणून वेण्णा तलावाचा किंवा कासचा गाळ घेऊन लोहाशी गुणोत्तर काढलं की प्रदूषण असलं तरी झाकलं जातं. साताऱ्याची पोरं कासवर प्रोजेक्ट करतात आणि त्यात तासगाव-विट्याकडच्या काळ्या मातीचा मूळ आकडा उचलून घालतात. परीक्षक म्हणून मी हे परत पाठवलेलं आहे.

मग मूळ आकडा आणायचा कुठून? याचं उत्तर तुमच्या तलावाच्या पोटातच आहे.

आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर झाले. राजेवाडी, मायणी, नेर यांसारखे तलाव त्याहून जुने, ब्रिटिश काळातले. तलाव केव्हाचाही असो, भराव घातला त्या दिवशी खाली शेत किंवा माळ होता. ती जमीन अजून तिथेच आहे, गाळाखाली झाकलेली. तिच्यावर ना बोर्डो (बागांवर मारतात ते मोरचूद-चुन्याचं मिश्रण) पडलाय, ना गणपतीचा रंग. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका आटलेल्या तलावात आम्ही मे महिन्यात अडीच इंची पीव्हीसी पाइप घणानं ठोकत खाली घातला, वरच्या तोंडाला रबरी बूच मारलं आणि गोल फिरवत वर ओढला. आडवा करून उभा चिरला. वर बोटभर तपकिरी, दह्यासारखा मऊ थर. त्याखाली काळाकरडा चिकट गाळ, सडक्या अंड्यांचा वास मारणारा, त्यात मधेमधे बोटाच्या नखाएवढ्या जाडीच्या वाळूच्या रेषा, प्रत्येक रेषा म्हणजे एखादा मोठा पूर. आणि तळाशी अचानक रंग पालटला, तांबूस माती, चुनखडीचे खडे, आणि तिच्यात रुतलेलं ज्वारीचं एक काळं पडलेलं धसकट. कुणाचं तरी शेवटचं पीक. त्या धसकटाच्या बरोबरची माती म्हणजे त्या तलावाचा मूळ आकडा. जगातल्या कुठल्याही शेलपेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवीन.

एक सावधगिरी. पीव्हीसी पाइपात शिशाची संयुगं स्थिरकारक म्हणून वापरली जात आली आहेत. म्हणून पाइपाला चिकटलेला बाहेरचा अर्धा सेंटिमीटर काढून टाकायचा आणि फक्त गाभा घ्यायचा. शिसं शोधायला गेलो आणि पाइपचंच शिसं मोजून आलो, असं नको.

पाइप ठोकणं जमत नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे पाणलोटात वरच्या अंगाला, बागा आणि रस्ता यांच्यापासून लांब, पड किंवा गायरान असेल तिथली माती. तीन-चार ठिकाणची घ्या. गाळाबरोबर, त्याच दिवशी, त्याच लॅबला, त्याच पद्धतीनं तपासायला द्या. एवढं केलं तरी निम्मा वाद मिटतो. मात्र एक बघा, तुमच्या तलावात म्हैसाळ योजनेचं पाणी सोडतात का? सोडत असतील तर कृष्णेच्या पाण्याबरोबर बारीक गाळही येतो आणि तुमचा तलाव केवळ तुमच्या ओढ्याचा राहत नाही. मग पाणी पडतं त्या चारीच्या तोंडाशीही एक नमुना घ्या.

नमुना घेण्याबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण रिपोर्टातल्या बऱ्याच भानगडी लॅबच्या आधी, तलावाच्या काठावर झालेल्या असतात. तुम्ही लिहिलंय की घाटाजवळून एक घमेलं भरून दिलं. घमेलं गॅल्वनाइज्ड होतं का? मग त्यातलं थोडं जस्त घमेल्याचं असू शकतं. जस्त १२४ आहे आणि मर्यादा १२१, म्हणजे पिवळी खूण तीन मिलिग्रॅमची. ती मी मोजतसुद्धा नाही.

स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात आमच्या एका अभ्यासात तांबं आणि जस्त सगळ्या नमुन्यांत चढे आले, अगदी मूळ मातीतसुद्धा. दोन महिने आम्ही ॲसिड बदललं, मशीन तपासलं, एकमेकांवर संशय घेतला. मग माझ्या लक्षात आलं की चाळणी पितळेची होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच! घासून घासून आम्ही चाळणी गाळात मिसळत होतो. तेव्हापासून धातूंच्या कामाला नायलॉनची जाळी. स्टीलची चाळणी घेतली तर क्रोमियम आणि निकेलचा धोका, म्हणून तीही नाही. प्लास्टिकचा चमचा, प्लास्टिकचं टोपलं, सौम्य नायट्रिक ॲसिडनं धुतलेली बरणी.

जागा निवडताना ओढा जिथे येतो ते तोंड, मधला खोल भाग, भिंतीजवळचा भाग आणि घाट हे चार तरी वेगळे धरा. प्रत्येक ठिकाणी पाच-सहा जागचा वरचा पाच सेंटिमीटर गाळ एकत्र कालवून एक नमुना करा. घाटाचा गाळ बाकीच्यात मिसळू नका. ओढ्याच्या तोंडाशी भरड वाळू बसते, भिंतीपाशी चिकणमाती. धातू चिकणमातीला धरतात, म्हणून भिंतीजवळचे आकडे नेहमीच चढे दिसतात, तिथे कुणी काही टाकलं नसलं तरी. हा फसवा फरक काढायला ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा करून मोजतात, नाहीतर निदान लोह किंवा ॲल्युमिनियमशी प्रमाण काढतात. तलावात पाणी असेल तर होडीवरून पकड-यंत्र सोडावं लागतं. जबड्यात खडा अडकला की ते उघडं राहतं आणि वर येईतो बारीक गाळ सगळा धुऊन जातो, हातात उरतात खडे. असा नमुना फेकून द्या आणि पुन्हा सोडा, कंटाळा आला तरी. तुमचा तलाव उन्हाळ्यात आटतो, तुम्हाला ही कटकट नाही.

लॅबला चार गोष्टी विचारा. नमुना विरघळवायला कोणतं ॲसिड वापरलं? बहुतेक जण ॲक्वा रेजिया वापरतात, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. आपल्या विटा-आटपाडीच्या गलाईवाल्यांना हे मिश्रण मी शिकवायला नको, सोनं विरघळवतात त्यातच! पण सोनं विरघळवणारं हे मिश्रण दगडातली सिलिकेटं पुरती फोडत नाही. त्याला हायड्रोफ्लोरिक लागतं. म्हणून एका लॅबचं क्रोमियम ७० आणि दुसऱ्याचं ११८ येऊ शकतं आणि दोघंही खरे असू शकतात. तुलना करायची तर पद्धत एकच हवी, हे त्यासाठी. दुसरं, नमुन्याबरोबर प्रमाणित संदर्भ माती (जिच्यातले धातू आधीच नेमके माहीत आहेत अशी) चालवली का आणि तिचं उत्तर किती टक्के जुळलं? तिसरं, आकडे कोरड्या वजनावर आहेत का? ओल्या गाळात साठ टक्के पाणी असेल तर ओल्यावरचा आकडा कोरड्यावर अडीचपट होतो.

चौथं, 'बीडीएल'. म्हणजे यंत्राच्या मर्यादेच्या खाली. पण मर्यादा किती? तुमच्या रिपोर्टात तळटिपेत बारीक अक्षरात २ लिहिलंय. कॅडमियमचा त्रासाचा खालचा आकडा ०.९९. जगाच्या सरासरी शेलमध्ये ते ०.३. म्हणजे तुमच्या गाळात कॅडमियम मूळच्या चार-पाचपट असलं तरी या रिपोर्टात ते 'नाही' असंच दिसेल. इथली हिरवी खूण म्हणजे डोळे मिटून 'समोर कुणी नाही' म्हणणं झालं. फॉस्फेट खतांबरोबर थोडं थोडं कॅडमियम शेतात येत असतं आणि ते पिकात सहज शिरणाऱ्या धातूंपैकी आहे, म्हणून ते आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेस अशा जास्त बारीक मोजणाऱ्या यंत्रावर पुन्हा करून घ्या. थोडे पैसे जातील, जाऊ द्या.

आता तांबं. सगळं तांबं दगडाचं म्हणून मी हात झटकणार नाही, कारण तुमच्याभोवती बागा आहेत. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचुदात तांबं पाव हिस्सा. हेक्टरी हजार लिटर मारलं तर अडीच किलो तांबं रानात गेलं. हेक्टरातली वरची पंधरा सेंटिमीटर माती साधारण दोन हजार टन भरते, म्हणजे एका फवारणीनं किलोमागे सव्वा मिलिग्रॅम. वीस फवारण्यांनी पंचवीस. हे तांबं खाली झिरपत नाही, वरच्या मातीला धरून बसतं आणि वळवाच्या पावसात मातीबरोबर वाहून तलावात येतं. म्हणून १४२मधलं वीस-बावीस बागांचं असेल तर मला नवल वाटणार नाही. मूळ माती मोजली की ते कळेल.

दगडाचं तांबं आणि मोरचुदाचं तांबं वेगळं कसं ओळखायचं? संशोधनात तीन-चार टप्प्यांनी सौम्य ते तीव्र रसायनं वापरून काढतात. आधी ॲसेटिक ॲसिडनं सुटणारं, मग लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांना धरलेलं, मग सेंद्रिय पदार्थ आणि सल्फाइडला धरलेलं, शेवटी दगडात अडकलेलं. दगडाचं क्रोमियम-निकेल शेवटच्या टप्प्यात सापडतं, माणसानं टाकलेलं शिसं बहुधा दुसऱ्यात, कॅडमियम पहिल्यात. सगळ्या गावांना हे परवडत नाही. त्याऐवजी जवळच्या माती परीक्षण केंद्रात डीटीपीए चाचणी करा. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी ती रोज होते, स्वस्त आहे. त्यात जे तांबं सुटतं ते झाडाला मिळण्याजोगं. बाहेरून काही न पडलेल्या काळ्या मातीत एकूण तांबं शंभरावर असूनही डीटीपीएनं सुटणारं थोडकंच असतं. तुमच्या गाळात तो आकडा गायरानाच्या मातीच्या कितीतरी पट आला, तर मोरचूद आलाय. एकूण आकडा बघून जे कळत नाही ते इथे कळतं.

शिसं कुठून आलं असेल? घाटाजवळचा नमुना आहे म्हणून माझा पहिला संशय जुन्या रंगांवर. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६चा, अंमल २०१७ अखेरीपासून. त्याआधी कित्येक वर्षांचे लाल-पिवळे-केशरी मुखवटे आणि मखरं त्या तळाशी गेलीत. घाटाच्या काळ्या गाळात मूर्तींच्या प्लास्टर ऑफ पॅरिसचाही हात आहे, ते कॅल्शियम सल्फेटच असतं. त्या सल्फेटवर तळातले जीवाणू सल्फाइड करतात, म्हणून घाटाच्या कोपऱ्यात काळा रंग आणि तो वास जास्त. दुसरा वाटेकरी रस्ता. देशभर शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याआधीचं शिसं रस्त्याकडेच्या मातीत आहे आणि ती माती अजून वाहून येते. पाइपातल्या गाळाचे थर वेगवेगळे मोजले तर दोन्हींचा निवाडा होईल. रस्त्याचं शिसं असेल तर वरच्या नव्या थरात आकडा उतरलेला दिसेल आणि ते सगळ्या तलावभर पसरलेलं असेल. रंगाचं असेल तर घाटाशी ढीग आणि मधल्या भागात जवळजवळ काही नाही.

त्या काळ्या वासाबद्दल एक लक्षात ठेवा. सल्फाइड असतं तोवर शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम त्याला घट्ट बांधलेले असतात. गाळ बाहेर काढून उन्हात पसरला की सल्फाइड हवेत जळतं, राखाडी होतं, वास जातो आणि बांधलेलं थोडं मोकळं होतं. आपली माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढे, म्हणून ते पुन्हा लगेच धरलं जातं. कोकणातल्या आम्लधर्मी जमिनीत मी इतका निर्धास्त राहिलो नसतो.

आता रानाचा हिशेब. एकराला चाळीस ट्रॉल्या, ट्रॉलीला एक ब्रास (शंभर घनफूट) धरला तर थर तीनएक सेंटिमीटरचा, वजन सुमारे १३६ टन. नांगरून वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या सुमारे ७९० टन मातीत मिसळला. मातीत शिसं ७ आणि गाळात २९ असेल तर मिश्रणात १०. सातावरून दहावर. एकदा टाकल्यानं रान बिघडत नाही, कंपोस्टची शिशाची मर्यादाच १०० आहे. पण हा हिशेब २९चा आहे, आणि घाटाच्या अगदी पायरीपाशी खणलं तर आकडा २९च राहील याची खात्री मी देणार नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. मधला आणि भिंतीकडचा गाळ चाचणी ठीक आली की बिनघोर न्यायला सांगितला असता, ऊस, ज्वारी, बाग, कुठेही. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना २०१७पासून राज्यात आहे आणि पोयट्यानं हलक्या रानाचं भलं झालेलं आपण डोळ्यांनी पाहिलंय. क्रोमियम-निकेलच्या लाल खुणेपायी तो फुकट घालवणं हा वेडेपणा. घाटापासून वीस-पंचवीस मीटरचा पट्टा मात्र आखून वेगळा ठेवला असता. त्याचे दोन-तीन नमुने आल्याशिवाय एक ट्रॉलीही हलू दिली नसती. तिथे शिसं शंभराच्या पुढे गेलं तर तो गाळ भाजीपाल्याला नको, हळदीला तर नकोच, कारण हळदीच्या गड्ड्याला माती चिकटून घरापर्यंत येते. शाळेच्या मैदानावर भर म्हणूनही नको. मुलं माती तोंडात घालतात, आणि शिशाचा खरा रस्ता पिकापेक्षा तोच आहे. तो गाळ भरावाच्या बाहेरच्या उतारावर, पाण्यापासून लांब, वर मुरूम टाकून दाबून टाका.

मासे कुणी खातं का, हेही कळवा. चिलापी तळ उकरून खाते. पारा तपासायची गरज तुमच्या वर्णनावरून दिसत नाही, तसा उगम मला सापडला नाही. आर्सेनिकही आपल्या दगडात कमीच.

मृगाच्या आधी नमुने घ्या, पाणी आलं की पाइप ठोकता येणार नाही. घाटाचे तीन, तलावाचे तीन, चारीच्या तोंडाचा एक, गायरानाचे तीन आणि पाइपच्या तळाचा एक, असे अकरा. प्रत्येक पिशवीवर जागा आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई ओलीला पुसते. घमेलं घरी ठेवा.